मोहरीएवढी गोळी

नववीच्या निकालात मी शास्त्रात वर्गात पहिली आले आणि त्याच आठवड्यात शेजारच्या काकांची मोठी सायकल सीटवर बसून देवळालीच्या चढापर्यंत नेऊन परत आणली. मधल्या दांडीखालून पाय घालून नव्हे हं, अगदी सीटवर बसून! मग काय विचारता? १९८४ च्या त्या मे महिन्यात मला येत नाही अशी गोष्ट जगात उरलीच नव्हती. पोळ्या गोल यायच्या, गणितं सुटायची, भांडणं जिंकायची. आई म्हणायची, "विशाखे, जरा पाय जमिनीवर ठेव," आणि मी म्हणायची, "सायकलवर पाय जमिनीवर ठेवला की पडायला होतं, आई." बाबा प्रेसमधून आले की ते ऐकून हसायचे आणि आई दोघांवरही चिडायची.

अशी मी सुट्टीत लताताईकडे सायखेड्याला गेले. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला दोन वर्षं झालेली, मांडीवर सात महिन्यांची मित्रा. संघमित्रा हे नाव विहारात ठेवलं होतं, पण एवढं लांब नाव कोण घेणार? दाजी गवंडीकामाला सुरतेकडे गेलेले. घरात ताई, ताईची सासू चतुराबाई आणि मित्रा. ताई रोज सकाळी साडेसहालाच कांदे काटायला, म्हणजे कांद्याची पात छाटायला, जायची, कारण दहानंतर रानात उभं राहवत नाही. उन्हाळ कांद्याचे दिवस, गावातल्या सगळ्याच बायांचे हात तेव्हा काळे झालेले असतात.

ताईनं मला बसस्टँडवर घ्यायला यावं अशी माझी फार इच्छा होती, पण आली चतुराबाई. डोक्यावर पदर, हातात काठीही नाही आणि चाल अशी की मलाच पळावं लागलं.

"मावशी, मी आले ना, आता मित्राला मी सांभाळते. तुम्ही आराम करा," मी वाटेतच जाहीर केलं.

"तू सांभाळणार?" ती म्हणाली. "तुला कोण सांभाळणार गं?"

पण हसली. मला आवडली ती. पुढं जे झालं त्यानंतरही आवडते, हे आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळी मित्रा रडायला लागली. वरच्या हिरड्या सुजलेल्या, लाळेनं सगळं झबलं ओलं. ताईनं तिला पाजलं, फिरवलं, खांद्यावर घेतलं, थांबेचना. तेव्हा चतुराबाईनं फडताळातल्या हळदीच्या डब्यामागून मलमाची एक जुनी डबी काढली. आत डांबरासारखं काळं, चिकट काहीतरी. नखानं एवढंसं टोकरलं, बोटांत गोळी केली, ताईकडून वाटीत चार थेंब दूध घेतलं, त्यात ती उगाळली आणि मित्राच्या जिभेला बोट लावलं. मित्रानं तोंड वाकडं केलं. पाऊण तासानं ती अशी झोपली की तिच्या कानाशी पातेलं पडलं तरी हलली नाही.

"मावशी, ही अफू ना?" मी विचारलं. शास्त्रात पहिली! पण खरं सांगायचं तर अफू मला इतिहासाच्या पुस्तकातली माहीत. चीनचं युद्ध, सन आणि कारणे. अफू माणसाच्या अंगात जाऊन काय करते, ते त्या धड्यात नव्हतं.

"नाव नको घेऊ. गुटी म्हण," ती म्हणाली. "मोहरीएवढी द्यायची. सकाळी एक, लय रडली तर रातची एक. लतीच्या नवऱ्याला मीच चारली. झाला ना खांबावानी उभा?"

ताई अंथरूण घालायला लागली. तिला दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं होतं आणि मूल झोपलं होतं. त्या घरात, त्या गल्लीतच म्हणा, मूल झोपलं की सगळे सुटकेचा श्वास सोडायचे. झोपलेल्या मुलाची काळजी करायची असते, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती मित्राच्या रडण्यानं. ऊन ओट्यावर आलेलं. घरात कुणी नाही. चतुराबाई गोधड्या घेऊन गोदावरीवर गेलेली. धुण्याचा चांगला दगड मिळावा म्हणून अंधारातच निघाली होती. ताई कांद्यावर गेलेली. आणि मित्रा झोळीत पाय झाडत, चेहरा लालबुंद करून, टाहो फोडत होती.

मी तिला घेतलं. गाणी म्हटली. सगळी म्हटली, शाळेतली प्रार्थनासुद्धा. खुळखुळ्याऐवजी चमचा वाटीवर वाजवला. शेळीचं दूध दिलं, ते तिनं माझ्याच अंगावर उडवलं. शेजारची बायडाबाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय गं, पोर मारते का काय?" मला इतकी लाज वाटली! काल मोठ्या तोंडानं सांगितलं होतं की मी सांभाळते. मग माझी नजर फडताळावर गेली.

आता इथं मला नीट सांगितलं पाहिजे. मला कुणी दे म्हटलं नव्हतं. मला कुणी देऊ नको असंही म्हटलं नव्हतं. मी आदल्या रात्री एकदा बघितलं होतं आणि मला वाटलं, आलं की मला. डबी काढली, नख घातलं. ते चिकट. मोहरीएवढं घ्यायला गेले तर ज्वारीच्या दाण्याएवढं आलं. परत कमी करावं म्हटलं तर बोटाला चिकटलं. मनात म्हटलं, दात येताना दुखतं फार, तर थोडी मोठीच बरी. शेळीच्या दुधात उगाळली आणि चाटवली, सगळी, वाटी पुसून.

ताईनं निघताना तिला आधीच एक गोळी दिली होती, हे मला माहीत नव्हतं. रोज चतुराबाई द्यायची; त्या दिवशी ती नदीवर गेलेली म्हणून ताईनं स्वतः दिली आणि गेली. मी उठले तेव्हा ती गोळी मित्राच्या पोटात होती, नुसती चढायची राहिली होती.

मित्रा झोपली. मला केवढा आनंद झाला! मी तिला झोळीत घातलं, केर काढला, पाणी भरलं, चुलीवर भाकरीसुद्धा थापली, आणि बायडाबाईला ओरडून सांगितलं, "झोपली बघा!"

चतुराबाई नऊच्या सुमाराला ओल्या गोधड्यांचं ओझं घेऊन आली. आल्या आल्या झोळीत वाकली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं की काहीतरी चुकलंय. मित्राचे ओठ जांभळे पडले होते. श्वास होता, पण एक घेतल्यावर दुसरा येईल की नाही अशी वाट बघावी लागत होती.

"काय दिलं हिला?"

"गुटी. रडत होती म्हणून. मोहरीएवढीच... जरा मोठी."

"अगं, लती देऊन गेली होती ना! अंधारात मी निघाले तवाच म्हणली, मीच देते म्हून!" तिनं मित्राच्या तळपायांवर चापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं. मित्रानं पापणीसुद्धा हलवली नाही. चतुराबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "चल. नाशकाला चल."

गल्लीतल्या बहिरूचा टेंपो टोमॅटोचे क्रेट भरून मार्केटला निघायच्या बेतात होता. त्यानं मित्राकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता पुढचं दार उघडलं. बायडाबाईला म्हटलं, ताईला निरोप द्या. वाटभर बहिरू हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी मित्राला मांडीवर धरून तिच्या नाकाखाली बोट ठेवून बसले होते. दर वेळी बोटाला वारा लागला की मी म्हणायची, "आला." मग थोड्या वेळानं, "आला."

"ऐक," चतुराबाई माझ्या कानाशी म्हणाली. "डागदरनं विचारलं तर दूधच पाजलं म्हणायचं. ते काळं सरकारला चालत नाय. पोलीस बसवतेत दारात. अन् तुझ्या आईबापाला काय सांगू मी? तुझ्या हातानं झालं हे तर मुळीच बोलायचं नाय. तू अजून शाळेत जाती."

मी मान हलवली. खरं तर कुणीतरी काय बोलायचं ते सांगत होतं याचं मला बरं वाटलं. आणि असं मला कधी वाटत नाही.

नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात डॉक्टर गुजराथी होते. तरुण, दाढी वाढलेली, डोळे झोपेनं तांबारलेले. त्यांनी मित्राला टेबलावर घेतलं, पापणी उचलून टॉर्च मारला आणि सिस्टरना म्हणाले, "बुबुळं बघा. टाचणीच्या टोकाएवढी." सिस्टरनी रबरी फुग्याचा मुखवटा मित्राच्या तोंडावर धरला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. दाबला की मित्राची छाती वर. सोडला की खाली. माझ्या हाताएवढी छाती.

"काय दिलं हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूधच की साहेब. शेळीचं," चतुराबाई म्हणाली.

"फवारणीचं औषध घरात आहे? कांद्यावर मारायचं? हिच्या अंगाला, कपड्याला लागलं?"

"नाय नाय. काही नाय."

डॉक्टर सरळ उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी गप्पच बसले असते, मला ओरडलेलं सोसत नाही. ते म्हणाले, "आजी, मी तुमच्यावर केस करायला उभा नाही. डोळे असे दोनच गोष्टींनी होतात. फवारणीच्या विषावर एक औषध आहे, अफूवर दुसरं. अफूवरचं वॉर्डात नसतं, थिएटरमध्ये भूल उतरवायला ठेवतात, तिथून आणावं लागतं. चुकीचं देत बसलो तर ही हातात राहणार नाही. सांगा."

चतुराबाई भिंतीकडे बघत राहिली. फुगा दाबला जात होता, सुटत होता.

"अफू," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "गुटी म्हणतात. अफू दिली."

"कधी? किती?"

आणि चतुराबाई माझ्याआधी बोलली. "सकाळी साडेसहाला. एकच, मोहरीएवढी. मीच दिली साहेब, माझ्या हातानं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "एकदाच?"

"हो," मी म्हणाले. "एकदाच."

इतकं सोपं होतं ते. निम्मं खरं बोलून झालं होतं आणि ते निम्मं बोलल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. म्हटलं, अफू सांगितली ना? मुख्य ते होतं. किती आणि कुणी, त्यानं काय फरक पडतो?

डॉक्टर स्वतः जिन्यावरून पळत थिएटरमध्ये गेले. दोन-दोन पायऱ्या गाळत. काचेची एक छोटी कुपी मुठीत घेऊन आले. सिस्टरनी मित्राच्या डोक्यावरची शीर शोधली, कारण हातापायाच्या सापडत नव्हत्या. सुई गेली. मी मनात आकडे मोजत होते. एकशे दहापर्यंत आले असेन. मित्रानं एक खोल श्वास घेतला, स्वतःचा. मग दुसरा. मग तिचं कपाळ आक्रसलं, ओठ थरथरले, आणि ती रडली! अशी रडली की सकाळचं रडणं काहीच नव्हे. ओठांचा जांभळा रंग माझ्यासमोर उतरला, जसा कपड्यावरचा डाग उतरावा तसा. बुबुळं मोठी झाली. ती माझ्याकडं बघून रडत होती.

मी उडी मारली. खरंच, वॉर्डात, दोन्ही पायांनी. चतुराबाईनं डॉक्टरांच्या पायाला हात लावला, तर ते मागं सरकले. सिस्टर हसल्या. शेजारच्या खाटेवरची एक बाई डोळे पुसायला लागली. मला वाटलं, शास्त्र म्हणजे हे! मी डॉक्टर होणार. तिथल्या तिथं ठरवलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तू शहाणी दिसतेस. कितवीत?"

"दहावीत जाणार. शास्त्रात पहिली."

"मग नीट ऐक. हे इंजेक्शन अफू काढून टाकत नाही. नुसतं तासभर तिला बाजूला सारतं. नंतर इंजेक्शन संपतं, अफू असतेच. गोळी मोहरीएवढी होती म्हणजे तोवर उतरत आली असेल, पण लक्ष ठेवायचं. घड्याळ आहे ना? दर दहा मिनिटांनी मिनिटभराचे श्वास मोज. वीसच्या खाली गेले तर हाक मार. मी ओपीडीत आहे."

मी मोजले. चाळीस. दहा मिनिटांनी अडतीस. परत चाळीस. मी ते एका कागदावर लिहीत होते, वेळेसह, रकाने आखून. मित्रा आता रडून दमली होती. चतुराबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागली. "झोपू दे आता. लय सोसलं लेकरानं."

सव्वाबाराला छत्तीस. मग तहान लागली म्हणून मी बाहेर नळावर गेले.

व्हरांड्यात गावोगावच्या बाया बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "ती टेंपोतून आणलेली पोर, जगली का?" आणि मला तर कुणी विचारायचाच अवकाश असतो. मी सांगायला लागले. डॉक्टर कसे पळाले, बुबुळं कशी, सुई डोक्यात कशी घातली, एकशे दहाला कसा श्वास आला. बाया तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. विंचूरची एक आजी म्हणाली, "आमच्याबी घरात देतेत गं गुटी," तर मी तिला तिथंच खडसावलं, "टाकून द्या ती, आजी, आजच!" सगळ्याजणी गप्प झाल्या. माझं ऐकत होत्या! मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, कारण मध्ये दोन नव्या बाया येऊन बसल्या होत्या. माझी गोळी मी दोन्ही वेळा गाळली.

तेवढ्यात फाटकातून ताई पळत आली. एसटीनं आली होती. हात काळे, पदर खोचलेला, पायात एकच चप्पल.

"जगली ताई! बरी आहे!" मी लांबूनच ओरडले. "अगं, इंजेक्शन दिलं आणि अशी रडली, तू ऐकायला पाहिजे होतंस!"

ताईनं पदर सोडून तोंड पुसलं. मग हसायला लागली, मला मिठी मारली. तिच्या अंगाला कांद्याचा वास येत होता आणि पोलकं दुधानं भिजलेलं होतं. "कुठाय? दाखव."

आम्ही आत गेलो. चतुराबाई तशीच थोपटत बसली होती. ओठांवर बोट ठेवून तिनं आम्हाला हळू चाला म्हणून खुणावलं. मित्रा झोपली होती. ताई गुडघ्यावर बसली, तिनं मित्राच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

ओठ निळे होते. सकाळपेक्षाही निळे.

घड्याळात पाऊण वाजून गेला होता. मी अर्ध्या तासावर बाहेर होते. माझ्या कागदावर सव्वाबारानंतरचे रकाने कोरे होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मीच किंचाळले बहुतेक. सिस्टर धावल्या, फुगा आणला. या वेळी दाबायच्या आधी छाती हलतच नव्हती. डॉक्टर ओपीडीतून आले, त्यांनी कानाला नळ्या लावल्या आणि म्हणाले, "ठोका आहे. मंद आहे. कितीवर होते श्वास?" मी कागद पुढं केला. त्यांनी तो बघितला आणि परत दिला.

"मोहरीएवढ्या गोळीनं सहा तासांनी असं होत नाही," ते म्हणाले. त्यांनी एकच कुपी आणली होती, कारण एकच पुरणार होती. आता वॉर्डातला माणूस जिन्यावरून थिएटरकडे पळाला होता. "मला खरं पाहिजे. किती दिली?"

"एकच साहेब, मीच दिली," चतुराबाई म्हणाली. पण आता ती रडत होती.

ताई म्हणाली, "मी दिली सकाळी, एकच, मोहरीएवढी. देवाशपथ. सासूबाईंनी नाही, मीच." ती सगळ्यांकडे बघत होती. तिला काहीच समजत नव्हतं. चतुराबाईनं तिचं नाव का घेतलं नव्हतं तेही समजत नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. माझा! व्हरांड्यात दोनदा गोष्ट सांगून आलेली मी. सिस्टर फुगा दाबत होत्या. ताईनं माझा दंड धरला होता, आधारासाठी.

"आणखी एक दिली," मी म्हणाले. "मी. सव्वासातला. ज्वारीएवढी."

ताईचा हात माझ्या दंडावरून निघाला.

डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "मिळतील तेवढ्या कुप्या आणा म्हणावं. आणि सलाईनमधून थेंब थेंब चालू ठेवायचं, रात्रभर." मग सिस्टरच्या हातातून फुगा स्वतः घेतला.

औषध यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मला मोजता आलं नाही. आलं, दिलं, आणि मित्रानं श्वास घेतला. पण रडली नाही. डोळे उघडले आणि छताकडे बघत राहिली. तासानं परत खाली गेली, परत दिलं. असं संध्याकाळपर्यंत. पाच वाजता ताईनं तिला छातीशी धरलं, तर तिनं तोंडात घेतलं, थोडं ओढलं, सोडून दिलं.

"जगेल," डॉक्टर म्हणाले. "पण मधे मेंदूला हवा मिळाली नाही. किती वेळ, ते कुणालाच सांगता येणार नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्यांनी मुद्दाम केलं असावं, मला वाचवायला. "दर महिन्याला आणा. मान धरते का, बसते का, आवाजाकडे बघते का, ते बघू."

एक हवालदार वही घेऊन आला. दवाखान्यातून कळवावंच लागतं म्हणे. चतुराबाई पुढं झाली. "दोन्ही मीच दिल्या. घ्या अंगठा."

"दुसरी मी दिली," मी म्हणाले.

"गप बस पोरी. लिहा साहेब, म्हातारीच्या हातून चूक झाली."

हवालदारानं माझ्या दोन वेण्यांकडे बघितलं, मग चतुराबाईकडे, आणि चतुराबाईचं नाव लिहायला लागला. त्याच्या दृष्टीनं ते सोपं होतं.

"नाही," ताई म्हणाली. मित्रा तिच्या मांडीवर होती, नजर मित्रावरून न हलवता ती म्हणाली, "खरं लिहा. पहिली मी दिली. दुसरी हिनं. सासूबाईंनी एकही नाही दिली. त्या नदीवर होत्या."

त्यानं खोडलं आणि लिहिलं. मला वाचून सही करायला लावली. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या सहीत माझं नाव मलाच वाचता आलं नाही. पुढं त्याचं काही झालं नाही. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ताईला बोलावून दम दिला, डबी जमा केली आणि कागद बंद केला. बाबा मला न्यायला आले तेव्हा ताई उठली नाही.

दिवाळीपर्यंत मी सायखेड्याला गेले नाही. ताईनंही बोलावलं नाही. आई जाऊन यायची आणि आल्यावर स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत बसायची. मी आता वर्गात बोलते, सायकलही चालवते, सगळं करते. गप्प राहणं मला जमलेलं नाही. पण कुणी म्हणालं की "तुला येतं ना हे?" तर मी आधी विचारते, कसं करतात ते दाखवा.

भाऊबीजेनंतर बाबा म्हणाले, चल. मी दुकानातून एक खुळखुळा घेतला, प्लॅस्टिकचा, आत बरेच मणी असलेला. तिथल्या सगळ्या खुळखुळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

मित्रा तेरा महिन्यांची झाली होती. भिंतीशी दोन उशांच्या मध्ये ठेवलेली. अंग भरलं होतं, केस दाट झाले होते, पण उशा काढल्या की एका बाजूला कलंडायची. चतुराबाई मला बघून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवून आत चहा टाकायला गेली. ताई कांद्याचं रोप लावून आली होती. नखांत माती. तिनं माझ्याकडं बघितलं, खुळखुळ्याकडं बघितलं, पण ये म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही.

मी मित्राच्या उजव्या बाजूला बसले आणि खुळखुळा वाजवला. मित्रा समोर उंबऱ्याकडे बघत होती. डाव्या बाजूला जाऊन वाजवला. तिच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. ती समोरच बघत राहिली.

मी थांबले. खुळखुळा मांडीवर ठेवला.

"जोरानं वाजव," ताई म्हणाली.

मी जोरात वाजवला.

ताई येऊन माझ्या शेजारी बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, तो तिनं मागं घेतला नाही. "अजून," ती म्हणाली. "कानाजवळ धर. अजून जोरानं."